आपल्या जिल्ह्याची शिल्लक
(शेतकी विभागाकडून : ऊस विकास अधिकारी)



नोंदीच्या कामासाठी मागे डोंगरपट्ट्यातील एका गावी सभासदाच्या ओट्यावर बसलो होतो. चहा व्हायचा होता. त्यांची दहावीतली मुलगी वही घेऊन आली आणि म्हणाली, "काका, शाळेत प्रकल्प दिलाय. आपल्या जिल्ह्याची नैसर्गिक साधनसंपत्ती व अर्थव्यवस्था. काय लिहू?" आम्ही उत्तर जुळवीत होतो, तेवढ्यात वडीलच म्हणाले, "लिव्ह की. दगड, बाभळी आन् कोयता. झाला तुझा प्रकल्प." सगळे हसले. आम्हीही हसलो. पण परतताना फटफटीवर ते हसू काही मनातून जाईना. बावीस वर्षे याच जिल्ह्यात बांधाबांधाने हिंडणाऱ्या माणसाला त्या पोरीला धड चार ओळी सांगता येऊ नयेत, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. म्हणून तो प्रकल्प आता या अंकात लिहावयास घेतला आहे. त्यात ऊस विकास अधिकाऱ्याच्या तोंडी शोभणार नाही असे काही शब्द येतील. मत आमचे आहे, संचालक मंडळाचे नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

तर जिल्ह्याचा पसारा पाहू. क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर, तालुके ११, आणि २०११ च्या शिरगणतीप्रमाणे माणसे २५ लाख ८५ हजार. खाणीतला कोळसा नाही, लोखंड नाही, तेल नाही. जंगल नावापुरते, त्यात पाटोदा तालुक्यात नायगावचे मोरांचे अभयारण्य आहे. बालाघाटाच्या बरड माळावर आपोआप येणारे सीताफळ आहे, आणि त्याला २०१६ साली बीडचे म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. डोंगरावर अलीकडे पवनचक्क्या फिरू लागल्या. गोदाकाठची वाळू आहे, तिच्याबद्दल न बोललेलेच बरे. परळीला १९७१ पासून विजेचे केंद्र आहे. रेल्वेची वाट पाहण्यात दोन पिढ्या गेल्या, ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी एकदाची बीडला पोहोचली. एवढे लिहून यादी संपत आली असे वाटते आणि त्या सभासदाचे म्हणणे खरे वाटू लागते.

पण परळीचेच पाहा. कोळसा बाहेरून येतो, यंत्रे बाहेरून आली. आपले तिथे काय, तर गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याचे पाणी. २०१३ च्या फेब्रुवारीत ते पाणी संपले आणि कोळसा असून, यंत्रे असून, माणसे असून अख्खे केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ सालीही तीच गत झाली. म्हणजे विजेच्या कारखान्याची किल्लीसुद्धा पाण्याच्या हातात. आपल्या साखर कारखान्याची तर आहेच आहे.

तेव्हा प्रकल्पात पहिली ओळ पाण्याची लिहावी लागेल. आता हे पाणी येते कोठून? बालाघाटाची रांग जिल्ह्याच्या मधून गेली आहे. सिंदफणा पाटोद्याच्या डोंगरात उगम पावून उत्तरेला वळते, बिंदुसरेला पोटात घेते आणि गंगेला मिळते. मांजरा त्याच पाटोद्याच्या माळावरून निघून दक्षिणेच्या अंगाने केज, अंबाजोगाईकडे जाते. आष्टीच्या कडेने सीना भीमेकडे जाते. गंमत अशी, की नद्यांचे उगम आपल्याकडे आहेत, त्यामुळे वरून कोणी आपल्याला पाणी पाठवीत नाही. पैठणच्या नाथसागरातून उजव्या कालव्याने गेवराई-माजलगावला येते तेवढे सोडले, तर आपल्या डोक्यावर पडले तेच आपले. आणि डोक्यावर पडते ते सरासरीने सहा-साडेसहाशे मिलिमीटर. तेही सरासरीने. एखाद्या वर्षी त्याच्या निम्मे, आणि २०२५ च्या सप्टेंबरासारख्या महिन्यात असे की सिंदफणा, मांजरा आणि गंगा तिन्ही पात्रे सोडून शेतात आल्या, सोयाबीन जागेवर सडले, कुठे कुठे मातीसकट वावर वाहून गेले.

पडलेले पाणी साठवायला जमीन कशी, हेही पोरीने लिहिले पाहिजे. गंगथडीला काळी कसदार जमीन, दोन-दोन पुरुष खोल. डोंगरपट्ट्यात हातभर माती, तिच्याखाली मुरूम, आणि मुरमाखाली काळा पाषाण. या पाषाणाला वाळूसारखी भोके नाहीत. त्याच्या भेगांत आणि कुजलेल्या थरात काय मावेल तेवढेच पाणी. म्हणून आपली विहीर पावसाळ्यात लवकर भरते आणि फेब्रुवारीत लवकर आटते. पाचशे, सातशे फूट बोअर मारणारा पाण्याचा नवा साठा शोधीत नसतो. बहुतेक वेळा तो शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणी अधिक खोलवरून ओढीत असतो. हे ऐकायला कडू लागते, पण नाळवंडीपासून नेकनूरपर्यंत कोणालाही विचारा.

बीडजवळची खजाना बावडी बहुतेकांनी पाहिली असेल. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या अमदानीत बांधली. तिच्यातून भुयारी पाटाने, निव्वळ उताराच्या बळावर, खालच्या जमिनींना पाणी जाते. ना मोट, ना मोटार. बांधणाऱ्याने आधी पाणी पाहिले, मग त्यातून भिजेल तेवढी जमीन पाहिली. आमच्या कृषी पदविकेच्या अभ्यासक्रमात हे वाक्य नव्हते. नोकरीत लागल्यावरही आमचा क्रम उलटाच राहिला. आधी कारखान्याची गाळप क्षमता, मग तेवढा ऊस, मग त्या उसाला पाणी शोधायचे.

आता उसाचा हिशेब मांडतो. कागद-पेन्सिल घेऊन कोणीही पडताळावा.

पाटपाण्यावर, मोकळ्या सरीत, बारा महिन्यांच्या सुरू उसाला अदमासे २००० मिलिमीटर पाणी लागते. आडसालीला त्याहून बरेच जास्त. २००० मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे ८० लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर ८०० टँकर. खेड्यात माणशी रोजचे ५५ लिटर पाणी हे सरकारी माप घेतले, तर एका एकर उसाच्या पाण्यात चारशे माणसे वर्षभर पाणी पितील, अंघोळी करतील, भांडी घासतील. एकरी ३५ टन उतरला तर एका टनाला सव्वादोन लाख लिटरांवर पाणी गेले. टनाला शंभर किलो साखर धरा. एका किलो साखरेमागे २२०० लिटरांहून अधिक. यातले काही पाणी पावसाचे असते हे कबूल. पण पाऊस धरून चालले तर पाटातली गळतीही धरली पाहिजे, आणि मग हिशेब पुन्हा होता तिथेच येतो.

माजलगाव धरण आपल्या जिल्ह्यातले सर्वांत मोठे. एकूण साठा ४५४ दशलक्ष घनमीटर, पैकी उपयुक्त ३१२. हे ३१२ सबंधचे सबंध, एक थेंब न सांडता, बीड शहराला पिण्यासाठीही न ठेवता, फक्त पाटपाण्याच्या उसाला दिले, तर किती एकर भिजेल? एकोणचाळीस हजार. एवढे मोठे धरण आणि एवढाच ऊस. हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा आमचा आमच्यावरच विश्वास बसेना, म्हणून तीनदा काढला.

मांजरा धरण आपल्या केज तालुक्यात धनेगावला. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडे पडले आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी पाणी आणावे लागले. देशभर त्याची छायाचित्रे छापून आली. आपल्या गावांना रेल्वे नव्हती म्हणून आपली छायाचित्रे आली नाहीत, एवढाच फरक. टँकरच्या रांगेत घागरी घेऊन आपल्याही आयाबहिणी उभ्या होत्या.

यावर कोणी म्हणेल, मग ऊस बंदच करा. तसे म्हणणारे आहेत. २०१९ साली तत्कालीन विभागीय आयुक्तांनी मराठवाड्यात उसावर बंदी घालावी अशी शिफारस शासनाकडे केली होती. आम्हांला ती पटली नाही, आजही पटत नाही. शेतकरी काही खुळा नाही. कायद्याने भाव बांधून दिलेले आणि फडापर्यंत गिऱ्हाईक चालत येणारे दुसरे पीक त्याच्याकडे कोणते आहे? सोयाबीनचा भाव दसऱ्याला एक, दिवाळीला दुसरा. कापसाला बोंडअळी. गेल्या सप्टेंबरच्या पाण्यात सोयाबीन गेले, पण बहुतेक ठिकाणी ऊस, आडवा पडून का होईना, जिवंत राहिला. ज्या घरात पोरीचे लग्न आहे, बँकेचा हप्ता आहे, त्या घराला ऊस हाच भरवशाचा गडी वाटणार. बंदी घालणाऱ्याने आधी दुसरा भरवसा द्यावा, मग बोलावे.

परंतु ऊस ठेवायचा असेल तर पाण्याबरोबर ठेवावा लागेल, पाण्याच्या पुढे पळवून नव्हे. इथे आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे.

२०१८ चा जुलै. मृगाने थोडी आशा दाखवली होती. एक सभासद गटकार्यालयात आले. चार एकर, विहिरीत पाणी बरे होते. "साहेब, आडसाली लावू का? तुमचं मन काय म्हणतंय?" आमच्यापुढे त्या गटाचे नोंदीचे उद्दिष्ट होते आणि आकडा अपुरा होता. आम्ही म्हटले, "लावा." विहिरीत दोरी सोडून पाहिली नाही, मागच्या तीन उन्हाळ्यांत ती कोणत्या महिन्यात आटली हे विचारले नाही. को. ८६०३२ चे उत्तम बेणे दिले, बेसल डोस सांगितला, फुटवा सुरेख झाला. परतीचा पाऊस आलाच नाही. डिसेंबरात विहीर अर्ध्यावर, फेब्रुवारीत तळ. पाच-सहा कांड्यांवरचा ऊस त्यांनी वैरणीसाठी तोडून छावणीला घातला. त्या वर्षी राज्यात सर्वांत जास्त छावण्या आपल्याच जिल्ह्यात होत्या, वैरणीला भाव होता, पण बेणे, खत आणि सोसायटीचे कर्ज त्यात निघाले नाही. ऑक्टोबरात त्यांच्या धाकट्या मुलाने आणि सुनेने मुकादमाकडून उचल घेतली आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याला तोडणीला गेले. कारखान्याचा सभासद, आणि त्याच्याच घरचा कोयता दुसऱ्याच्या फडात. ते गृहस्थ आजही भेटले की हात जोडून रामराम घालतात, एका शब्दाने बोलत नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

म्हणून प्रकल्पातली दुसरी ओळ कोयत्याची. आपण तिला चेष्टेत काढतो, पण ती जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेतली सर्वांत मोठी ओळ असेल. दर साल दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून सुमारे पाच लाख माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात असे धरले जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता. आधी उचल, तिच्यात घरातले लग्न, आजारपण, जुने देणे फिटते. मग सहा महिने ती उचल फेडायची. पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी इथली गावे हिवाळ्यात पाहिलीत तर म्हातारी माणसे, कुत्री आणि कुलपे. कोयत्याबरोबर पोरे जातात, त्यांची शाळा जाते. बायांचे हाल तर विचारू नका. पहाटे तीनला उठून भाकरी थापायची, मग फडात मोळ्या वाहायच्या. आजारी पडायला सवड नाही, कारण खाडा पडला की पैसे कापतात. २०१९ साली विधान परिषदेच्या उपसभापतींच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हा आकडा आम्ही आमच्या वहीत लिहून ठेवला आहे, कारण आम्ही ज्याला तोडणी कार्यक्रम म्हणतो तो शेवटी या बायांच्या अंगावर उभा असतो.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ ठरली, गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे महामंडळ झाले, मुलांच्या वसतिगृहांची योजना आली. चांगले झाले. पण आपल्या सर्वसाधारण सभेत दर वर्षी एकच तक्रार ऐकू येते, "टोळ्या मिळत नाहीत, ऊस वाळतोय." अहो, साऱ्या महाराष्ट्राला आणि कर्नाटकालाही टोळ्या पुरवणारा जिल्हा आपला, आणि टोळ्या मिळत नाहीत आपल्याला! कारण सरळ आहे. तिकडे उसाचे टनेज जास्त, फड मोठा, हंगाम लांब. आपल्याकडे चार एकराचा फड, एकरी वीस-पंचवीस टन, मध्येच पाण्याअभावी वाळलेला. टनावर पैसे मिळवणाऱ्या कोयत्याने आपल्याकडे का थांबावे? आता हार्वेस्टर येत आहेत. त्यांना पाच फुटी सरी लागते, ती करायला आम्ही सांगतोच. पण यंत्राने कोयता सुटला तर त्या माणसाने करायचे काय, हा प्रश्न साखरवाल्यांना विचारला जाईल, आणि पहिल्यांदा आपल्याच जिल्ह्यात विचारला जाईल.

या ठिकाणी थोडे दूर जाऊन येऊ. अमेरिकेत हवाई नावाचे एक छोटे राज्य आहे, समुद्रातली बेटे. २०२० च्या शिरगणतीत तिथे साडेचौदा लाख माणसे होती, म्हणजे आपल्या जिल्ह्याहून कितीतरी कमी. साखरवाल्यांनी हे राज्य माहीत करून घ्यावे असे आहे, कारण १८३५ साली तिथे उसाचा पहिला मळा यशस्वी झाला आणि पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उसानेच ते राज्य चालवले. चीन, जपान, पोर्तुगाल, फिलिपाइन्स इथून तोडणीला करारावर माणसे आणली. माउई बेटाच्या कोरड्या भागात ऊस करायचा म्हणून १८७८ पासून पावसाळी भागातले ओढे अडवून कालव्यांनी पाणी वळवले. १९६० च्या दशकात वर्षाला दहा लाख टनांहून जास्त साखर निघे. ठिबकसुद्धा त्यांनी १९७० च्या दशकातच उसाला लावले. तरी मजुरी परवडेना, जगाच्या बाजारात साखरेचा भाव पुरेना, आणि ज्यांचे ओढे आटवले ते अळूची शेती करणारे मूळचे रहिवासी पाणी परत मागू लागले. एकेक कारखाना बंद होत गेला. शेवटचा, माउईवरचा पुउनेनेचा, डिसेंबर २०१६ मध्ये बंद झाला. तिथे सुमारे ३६ हजार एकर ऊस होता. मोकळ्या पडलेल्या जुन्या मळ्यांतून वाळके गवत माजले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये लहैना गाव जळाले तेव्हा आग पसरायला त्या गवतानेही हातभार लावला. त्यांच्याजवळ समुद्रकिनारे होते म्हणून परदेशी पाहुण्यांवर राज्य सावरले. आपल्याकडे परळीला वैद्यनाथ, अंबाजोगाईला योगेश्वरी. देवाची कृपा आहेच, पण पंचवीस लाख पोटे यात्रेवर भरणार नाहीत.

हवाईचे सगळे आपल्याला लागू पडते असे नाही. तिथे मळे कंपन्यांचे होते. इथे कारखाना सभासदांचा आहे, ऊसही त्यांचाच आणि विहीरही त्यांचीच. म्हणजे त्या कंपनीला जे ठरवता येत नव्हते ते आपल्याला ठरवता येते.

ठरवायचे काय, यावर आमचे मत असे आहे. नोंद एकरावर घेऊ नये, पाण्यावर घ्यावी. अर्जात सरी किती फुटी, जात कोणती हे विचारतो, तसे विहिरीची खोली, आजची पाणीपातळी आणि मागच्या पाच वर्षांत ती कोणत्या महिन्यात आटली हे विचारावे. ज्या विहिरीला मार्चनंतर पाणी राहत नाही तिच्यावर आडसालीची नोंद घेऊच नये, मग अर्जदार संचालकांचा पाहुणा का असेना. ठिबक असेल तर घ्यावी. उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०१७ सालीच घेतला, पण सक्ती कागदावर राहिली आणि नळ्या बऱ्याच ठिकाणी बांधावर गुंडाळून ठेवलेल्या दिसतात. अनुदान घेऊन गुंडाळलेल्या! उंदरांनी कुरतडल्या, फिल्टर कोणी धुतला नाही, लाईट रात्रीची, अशी कारणे असतात आणि त्यांतली काही खरीही असतात. नळी दुरुस्त करणारा माणूस गटात मिळाला पाहिजे, हे काम कारखान्याचे आहे. त्यात आम्ही कमी पडलो.

ठिबकावर नीट केलेल्या उसाला ४० टक्के तरी पाणी कमी लागते. एकरी ८० लाखांतले ३२ लाख लिटर वाचले. हे वाचलेले पाणी नेमके काय करू शकते पाहा. कोरडवाहू तुरीला किंवा कापसाला फुलोऱ्यात एक संरक्षित पाळी, ६० मिलिमीटरची, द्यायला एकरी सव्वादोन-अडीच लाख लिटर पुरतात. म्हणजे एका एकर उसाचे वाचलेले पाणी तेरा एकरांना एक पाळी देते. आणि त्या एका पाळीवर तुरीचे पीक घरात येते की शेंगा भरायच्या आतच वाळते, हे ठरते. डोंगरपट्ट्यातला जो माणूस उचल घेतो, त्याच्याकडे दोन-तीन एकर जमीन असतेच असते. नसते ती एक पाळी.

लगेच कोणी म्हणेल, "विहीर माझी, मोटार माझी, पाणी दुसऱ्याला का देऊ?" प्रश्न रास्त आहे. आम्ही दानधर्म सांगत नाही. आधी स्वतःच्याच कोरडवाहू तुकड्याला द्या. चार एकर उसाचे दोन करा, उरलेल्या पाण्यावर तूर, हरभरा, ज्वारी, तुती, जे बसेल ते करा. भावाचे वावर शेजारी असेल, त्याला पाळी विकत द्या. ऊस दोन एकर झाला म्हणून टनेज निम्मे होत नाही. रोपांची लागण, पाचटाचे आच्छादन, ठिबकातून खत एवढे वेळेवर केले तर पंचवीस टनांच्या जागी पंचेचाळीस टन काढणारे सभासद आपल्याच कार्यक्षेत्रात आहेत. पाचट जाळणाऱ्यांबद्दल आम्ही दर अंकात लिहितो, या अंकात लिहीत नाही. लिहून लिहून पेन झिजले.

कारखान्याचा फायदाही यातच आहे. दोन वर्षे पाऊस बरा झाला की सगळे उसावर तुटून पडतात. २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्राने १३७ लाख टन साखर काढली, विक्रम झाला, आणि मे महिन्याच्या उन्हात मराठवाड्यात ऊस फडात उभाच होता. तोडणीसाठी सभासद चिटबॉयच्या पाया पडत होते. त्या महिन्यात आपल्या जिल्ह्याने काय काय पाहिले ते इथे उगाळत नाही. मग पाऊस हुकला की धुराडे दोन-अडीच महिन्यांत थंड. एका वर्षी ऊस मावत नाही, दुसऱ्या वर्षी मिळत नाही. अशा कारखान्याला ना बँक उभी करते, ना टोळी. दर साल सारखा येणारा थोडा ऊस कारखान्याला परवडतो.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण असे की २०२५ च्या पावसाने विहिरी तुडुंब झाल्या. तेव्हापासून गटकार्यालयांत नोंदीला गर्दी आहे, तीन एकरवाला सहा मागतो, दोनवाला पाच. रस्त्यात गाठ पडली तरी "साहेब, औंदा पाणीच पाणी" म्हणतात. २०१८ च्या जुलैत आमच्या तोंडून निघालेला शब्द या वेळी निघणार नाही. वाईटपणा येईल, तो घेऊ.

नोंदीच्या अर्जात पाण्याचा रकाना घालण्याचा प्रस्ताव आम्ही संचालक मंडळापुढे ठेवला आहे. निर्णय होईपर्यंत ज्या सभासदांची इच्छा असेल त्यांच्या विहिरी आम्ही आणि गटाचे ओव्हरसिअर मोजून देऊ. फी नाही. गटकार्यालयात नाव सांगावे. मोजायच्या आदल्या रात्री मोटार बंद ठेवावी, आणि विहिरीची गेल्या पाच उन्हाळ्यांची हकीकत ज्याला ठाऊक असेल असे घरातले वडीलधारे माणूस विहिरीवर हजर ठेवावे. बहुतेक घरांत ती हकीकत पाणी भरणाऱ्या बाईलाच सर्वांत चांगली ठाऊक असते, तेव्हा तिलाही बोलवावे.